उघड्या मुळांची मोसंबीची कलमं : गाडीतून उतरल्यापासून पहिल्या छाटणीपर्यंत

शिवार_परतूर
दोन एकर रान आहे. मध्यम काळी माती, साधारण दीड हातावर मऊ मुरूम. ६ बाय ६ मीटरवर खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवलेत. कलमं वरूडकडून येणार आहेत, पण पिशवीतली नाहीत. वाफ्यातून उपटलेली, मुळं उघडी. आमच्याकडं दोन मतं पडलीत. एक म्हणतंय, उघडी मुळं म्हणजे निम्मी मर ठरलेली. दुसरं म्हणतंय, जुन्या सगळ्या बागा अशाच लागल्या. जाणकारांनी सांगावं : घ्यावीत का, आणि घेतली तर उतरवल्यापासून लावेपर्यंत काय काय करायचं? शेंडा छाटायचा का, हेही सांगा.

बागायत_बदनापूर
घ्या, पण डोळे उघडे ठेवून. पिशवीतलं कलम घेताना मुळं दिसत नाहीत. खाली ती गोल गुंडाळली गेली असतील, तर झाड चार-पाच वर्षांनी वाऱ्यात कलतं आणि तेव्हा हातात काही राहत नाही. उघड्या मुळांचं कलम जे काय आहे ते समोर दाखवतं. त्याचा एकच मोठा शत्रू, मुळी सुकणं. जाड मुळं खोडाला धरून ठेवतात, पाणी ओढतात ती दोऱ्यासारखी बारीक मुळं, आणि ती उन्हावाऱ्यात अर्ध्या तासातसुद्धा जातात. निम्मी मर होते ती याच्यामुळं.

गाडी उतरवायच्या आधी गठ्ठ्यातली पाच-सहा कलमं ओढून बघा :

बारीक मुळी अंगठा आणि बोटात धरून हलकेच ओढा. वरची साल तशीच राहिली आणि आत पिवळसर पांढरं, कडक दिसलं तर ठीक. साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला तर ती फायटोप्थोरा बुरशीची मूळकूज. अशी दोन-तीन कलमं निघाली तर अख्खा गठ्ठा परत.

डोळा, म्हणजे खालच्या खुंटावर जिथं मोसंबीचा जोड दिलाय ती जागा, किती उंचीवर बांधलाय ते पट्टीनं मोजा. मातीच्या खुणेपासून निदान २० सेंटिमीटर वर पाहिजे. चार बोटांवर बांधलेला डोळा दोन पावसाळ्यांत मातीत जातो आणि मग डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग.

जोड गुळगुळीत पाहिजे. प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर डोळ्याच्या उलट्या बाजूनं ब्लेडनं उभी चीर देऊन काढा. तशीच राहिली तर खोड फुगतं आणि पट्टी आत रुतते.

खोड पेन्सिलीएवढं, सरळ. उंची दोन फूट पुरे. चार फुटी, शेंड्याला लुसलुशीत पालवी असलेलं कलम दिसायला छान, जगायला अवघड.

जालनेकर_दादा
खुंट, म्हणजे ज्या लिंबाच्या रोपावर कलम बांधलंय ते, कोणता ते आधी विचारा, शिवार भाऊ. आपल्याकडच्या चुनखडीच्या, पाणी कमी असणाऱ्या रानाला रंगपूर लिंबाचा खुंट. जंबेरी लिंबाच्या खुंटावरचं झाड सुरुवातीला जोमात दिसतं, पण मूळकूज आणि डिंक्याला लवकर बळी पडतं. रंगपूरलाही हे रोग होतात, फक्त जरा तग धरतो. बिलावर जात आणि खुंट दोन्ही लिहून घ्या. रोपवाटिकेचा परवाना नंबरही पाहिजे, १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याखालचा. सरकारच्या फुंडकर फळबाग लागवड योजनेत बसवायची असेल बाग, तर ते बिल लागणारच.

आणि त्या रानात आधी मोसंबी होती का? २०१२ च्या दुष्काळात जळालेल्या बागा उपटून त्याच जागी परत मोसंबी लावलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. जुनी मुळं आत असतात, त्यांच्यावर रोग जगतो. दोन-तीन वर्षं ज्वारी, हरभरा फिरवा आणि नवे खड्डे जुन्या ओळींच्या मध्ये काढा.

शिवार_परतूर
दादा, रान नवं आहे, कापूस आणि तूर होती. पावती घेतो लिहून. खड्डे एक मीटरचे आहेत, भरायचे राहिलेत. कधी भरू?

बागायत_बदनापूर
आत्ताच. लागवडीच्या दिवशी भरलेला खड्डा हा उघड्या मुळांच्या कलमाचा दुसरा शत्रू समजा. मीटरभर मोकळी माती पहिल्या दोन पावसांत वीतभर बसते, तिच्याबरोबर कलमही खाली जातं, आणि २० सेंटिमीटरवर असलेला जोड जमिनीला टेकतो. म्हणून खड्डे रोहिणीत भरून ठेवा, मृगाचा पाऊस त्यांच्यावर पडू द्या, बसेल तेवढं बसू द्या. मग राहिलेली माती टाकून जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा.

भरताना वरच्या थराची माती खाली, खालची वर. खड्ड्याला २० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट, एक किलो निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेलं खत टाकलं की हुमणी आणि वाळवी आलीच. तळाचा मुरूम कडक लागला तर पहारीनं फोडून घ्या. काळ्या मातीत गुळगुळीत बाजूचा खड्डा म्हणजे टाकीच, पाणी साचून राहतं. बाजूंना कुदळीचे घाव घालून त्या खरबरीत करा.

कोरडवाहू_गेवराई
आमच्याकडं चिकट काळी, पावसात चार-चार दिवस पाणी हटत नाही. अशा रानात खड्ड्याच्या भानगडीत कामून पडायचं? सरळ गादीवाफा धरा. दीड फूट उंच, वर तीन-चार फूट रुंद, उताराच्या दिशेनं, आणि कलम गादीवर. खाली मीटरभर खोल काळी माती असली तरी मोसंबीला ती चांगली नसते, निचरा पाहिजे. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असला तर लावूच नका, पानं पिवळी पडणार आणि आयुष्यभर लोह फवारत बसावं लागणार. माती परीक्षणाचे थोडे पैसे वाचवून उपयोग नाही.

वैजापूरची_लेक
गठ्ठे उतरवल्यावरचं कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

गाडी रात्रीची बोलवा, सकाळी उन्हाच्या आत उतरेल अशी. ताडपत्री पाहिजेच, उघड्या टेम्पोत वाऱ्यानं मुळं जातात. निघतानाच रोपवाटिकेवाल्याला सांगायचं की वाफ्याला आदल्या दिवशी पाणी देऊन मग उपटा, आणि मुळं काल्यात बुडवून ओल्या पोत्यात बांधा. काला म्हणजे चिकण माती, ताजं शेण आणि पाणी, पिठल्याइतका घट्ट.

उतरल्यावर गठ्ठे सावलीत. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, वाऱ्याची झुळूक लागते. त्याच दिवशी लावणं होणार नसेल तर झाडाखाली फूटभर खोल तिरका चर काढा, गठ्ठा सोडून कलमं एकेक करून तिरपी मांडा, मुळांवर भुसभुशीत माती टाकून पाणी द्या. अशी दोन-तीन दिवस टिकतात. गठ्ठा बांधलेलाच पुरला तर मधली कलमं कोरडीच राहतात. आणि मुळं बादलीत पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची खोड काहींना असते. तास-दोन तास ठीक, त्याहून जास्त बुडवली तर मोसंबीच्या मुळ्या गुदमरतात.

लावण्याआधी छाटणी. तुटलेली, साल सोललेली मुळं धारदार कात्रीनं निरोगी भागापर्यंत कापायची. सोटमूळ फार लांब असेल तर २० ते २५ सेंटिमीटर ठेवून सरळ काप, वाकवून खड्ड्यात कोंबायचं नाही. बारीक मुळ्यांना हात लावू नका. मग वरचं. उपटताना मुळांचा बराच भाग वाफ्यातच राहतो, पण पानं तितकीच असतात. पानं पाणी उडवतात, मुळं ओढू शकत नाहीत, कलम तीन दिवसांत माना टाकतं. म्हणून कोवळा शेंडा पक्क्या लाकडापर्यंत खुडा आणि राहिलेल्या पानांतली निम्मी काढा. पान देठासकट ओरबाडू नका. देठ ठेवून पातं कापा, बगलेतला डोळा शाबूत राहतो आणि नवती, म्हणजे नवी पालवी, तिथूनच फुटते.

शिवार_परतूर
ताई, फार उपयोगी. दीड फूट ठेवायचं का दोन फूट? आणि बुरशीनाशकात बुडवायचं तर प्रमाण काय?

वैजापूरची_लेक
जोडापासून वर दीड फूट पक्कं लाकूड राहिलं तर उत्तम. प्रमाण बदनापूरवाले काका सांगतील.

बागायत_बदनापूर
मेटॅलॅक्झील ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक २.७५ ग्रॅम आणि कार्बेन्डाझिम १ ग्रॅम, एक लिटर पाण्याला. मुळं १० ते १५ मिनिटं बुडवायची, डोळ्यापर्यंत नाही. दोन एकरात ६ बाय ६ नं सव्वादोनशेच्या आसपास कलमं बसतात. अर्ध्या ड्रममध्ये ५० लिटर पाणी घ्या, त्यात १३७ ग्रॅम मिश्र आणि ५० ग्रॅम कार्बेन्डाझिम. एका वेळी पंचवीस-तीस कलमं. पाणी गढूळ झालं, तळाला गाळ बसला की बदला. हातमोजे घाला, आणि राहिलेलं पाणी विहिरीकडं, ओढ्याकडं सोडू नका. मुळांना काल्याची माती असेल तर आधी साध्या पाण्यात हलवून धुवा, नाहीतर औषध मातीलाच लागतं.

एक चूक सर्रास होते. याच दिवशी खड्ड्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीही टाकतात. कार्बेन्डाझिम त्या बुरशीलाही मारतं, म्हणजे पैसे पाण्यात. ट्रायकोडर्मा वीस दिवसांनी द्या, शेणखतात मिसळून, ओल असताना.

जालनेकर_दादा
लावायची रीत थोडक्यात. ढगाळ दिवस, नाहीतर चार वाजल्यानंतर. आर्द्रा ते पुष्य हा काळ बरा, पण आधी किमान दोन चांगले पाऊस पडून खड्डा खालपर्यंत ओला झालेला पाहिजे. एका पावसावर घाई केली आणि पुढं तीन आठवड्यांचा खंड पडला, असं आपल्याकडं दर दोन-तीन वर्षांनी होतं.

भरलेल्या खड्ड्यात मुळांपुरती जागा काढा. मध्ये मातीची छोटी ढिगोळी करा. कलम तिच्यावर बसवून मुळं चहूबाजूंनी खाली पसरवा. एकानं कलम धरायचं, दुसऱ्यानं माती सोडायची. वाफ्यातल्या मातीची खूण खोडावर दिसते, खालचा रंग वेगळा असतो. ती खूण नव्या मातीच्या किंचित वर राहिली पाहिजे. निम्मी माती झाली की कलम बोटभर वर ओढून हलवा, माती मुळांच्या फटीत जाते. मग हातानं दाबा. टाचेनं थयथय नाचू नका, मुळं तुटतात. झारीनं दहा लिटर पाणी हळूहळू. पाण्यानं माती खचली तर पुन्हा भरा.

काठी पश्चिमेला रोवा, पावसाळी वारं तिकडून येतं. सुतळीची गाठ आठच्या आकड्यासारखी, सैल. कलम हललं की नवी पांढरी मुळी तुटते आणि महिनाभराची वाढ वाया जाते.

शिवार_परतूर
ठिबक आहे. ड्रीपर खोडाशी ठेवू का सुरुवातीला?

कोरडवाहू_गेवराई
खोडाला पाणी लागू देऊच नका भाऊ, डिंक्या तिथूनच येतो. ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर, खोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर. मोकळं पाणी देणारांनी दुहेरी आळं करावं : आतलं छोटं, खोडाला मातीची भर लावून कोरडं, आणि बाहेरच्या आळ्यातच पाणी. पावसात खंड पडला तर पहिला महिना एक दिवसाआड आठ-दहा लिटर. पण पाऊस सुरू असताना नुसतं वेळापत्रक म्हणून व्हॉल्व्ह उघडू नका.

बागायत_बदनापूर
आणि पहिली नवती पक्की होईपर्यंत युरियाला हात नको. मुळं नसताना मीठ टाकल्यासारखं होतं. नवती आली की तिच्यावर नागअळी, सायला आणि लिंबावरच्या फुलपाखराची अळी बसणारच. दर आठवड्याला पाहा. अळी हातानं वेचा, बाकीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटरला पाच किलो निंबोळ्या.

रानवाट_किनवट
विषय मोसंबीचा आहे, पण उघड्या मुळांवरून बांधावरच्या सागाबद्दल लिहितो, कारण लोक दोन्ही एकाच रीतीनं लावायला बघतात. सागाची जडी, म्हणजे स्टंप, वेगळी. वर्षाचं रोप उपटून अंगठ्याएवढ्या जाडीचं निवडतात, खोड एक इंच ठेवून बाकी सगळं कापतात, मूळ १५ ते २० सेंटिमीटर ठेवून बाजूच्या मुळ्या साफ काढून टाकतात. पान एकही नसतं म्हणून पाणी उडत नाही, आणि मुळात साठा असतो. म्हणून ती ओल्या पोत्यात चार-सहा दिवस राहू शकते, मोसंबी राहणार नाही. जडी लावायला खड्डा नको. पहारीनं भोक पाडायचं, जडी सरळ सोडायची, माथा जमिनीबरोबर किंवा किंचित वर, आणि बाजूनं पहार खुपसून माती घट्ट करायची. बाजूला पोकळी राहिली की पाणी भरतं आणि जडी कुजते. एकाहून जास्त फुटवे आले की सरळ, जोमदार एक ठेवून बाकी वीतभर असतानाच मोडायचे.

पैठण_माळ
मग सफरचंदाचं काय? आमच्याकडं काहींनी जानेवारीत हिमाचलची एचआरएमएन-९९ ही उघड्या मुळांची रोपं मागवली आहेत.

रानवाट_किनवट
ते तिसरंच प्रकरण. ते झाड पानगळ होऊन झोपलेलं असतं, म्हणून कुरिअरमध्ये टिकतं. आल्यावर मुळं दोन-तीन तास पाण्यात, तुटकी कापायची, जोड जमिनीच्या वर ठेवून लावायचं आणि अडीच फुटांवर शेंडा कापायचा. अडचण अशी की आपल्याकडं फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं. डोळे फुटतात तेव्हा मुळी अजून धरलेली नसते. पहिला उन्हाळा पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी आणि आच्छादन लागणारच. फळाला लाल रंग यायला रात्री थंड लागतात, त्या उन्हाळ्यात आपण आणणार कुठून? परसात दोन झाडं हौसेनं लावा. एकरावर नको.

शिवार_परतूर
आता छाटणीकडं येऊ. पहिल्या वर्षी काय काढायचं आणि काय ठेवायचं? इथं जो तो वेगळं सांगतो.

वैजापूरची_लेक
पहिल्या वर्षी कात्री कमी, बोटं जास्त. जोडाच्या खालून जे फुटेल ते सगळं खुंटाचं. मऊ असतानाच अंगठ्यानं मोडायचं, दर तीन आठवड्यांनी फेरी. महिना-दीड महिना राहिलं तर ते मोसंबीपेक्षा पुढं जातं, आणि वरचं कलम मरून खालचं लिंबूच वाढलंय हे कळत नाही. वर्षानं काटेरी झुडूप हातात येतं. जोडाच्या वर दोन फुटांपर्यंतचे फुटवेही काढायचे, पण एकदम नाही. लहान पानं खोडाला सावली देतात, ती पहिल्या उन्हाळ्यापर्यंत राहू द्या, फक्त लांब गेलेल्यांचा शेंडा खुडा.

दुसऱ्या वर्षी सांगाडा. दोन-अडीच फुटांच्या वर चार-पाच फांद्या, चार दिशांना, एकमेकींपासून वीत-अर्धी वीत उंचीच्या अंतरावर. एकाच जागेवरून निघालेल्या दोन फांद्या ठेवल्या तर पुढं फळाच्या ओझ्यानं मधून खोड चिरतं. खोडाशी अरुंद कोन करणारी काढा, पसरट कोनाची ठेवा.

बागायत_बदनापूर
आणि पाणसोट. सरळ वर जाणारा, जाड, टोकदार काट्यांचा, मोठ्या पानांचा, कोवळा असताना अंगाला कंगोरे असलेला फुटवा. तो सगळं खाऊन टाकतो आणि फळ देत नाही. तळापासून काढायचा. बोटभर खुंटी ठेवली तर तिथून तीन फुटतात. मात्र फांदीच्या बुडाशी जी गोल फुगवटी असते, तिच्यात कात्री घालू नका, जखम भरते ती तिथूनच. सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, बहार घेतल्यावर काढायच्या, जिवंत भागात इंचभर आत कापून. पहिली तीन वर्षं फळ धरू देऊ नका, दिसलं की खुडा. हे कुणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी.

प्रत्येक झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा. संध्याकाळी धुऊन तेल लावा, नाहीतर गंजते. सुपारीपेक्षा जाड जखमेला बोर्डो मलम.

शिवार_परतूर
मलमाचं प्रमाण तेवढं लिहा काका. दुकानात तयार मिळतं ते चालेल का?

बागायत_बदनापूर
ताजं केलेलं बरं. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. लहान बागेला शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम, एक लिटर. मोरचूद अर्ध्या पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा, लोखंडी भांडं नको. चुना उरलेल्या पाण्यात विझवून गाळून घ्या. पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि हलवत राहा. घासलेला खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा, नाहीतर साल भाजते. त्याच दिवशी वापरा, शिळं मलम चिकटत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत खोडाला लावायचं. उन्हाळ्यात त्याच पांढुरक्या थरानं खोडाचं ऊनही अडतं.

जालनेकर_दादा
पहिल्या उन्हाळ्यात आणखी एक. पश्चिम आणि दक्षिण बाजूला तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाट्यांचा आडोसा करा. आळ्यात सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड, खोडापासून वीतभर लांब. वाळवी दिसली तर कुटार मागं सारा. आंतरपीक मूग, उडीद, हरभरा. कपाशी आणि ऊस नको, त्यांचं पाणी आणि मोसंबीचं पाणी जुळत नाही.

शिवार_परतूर
शेवटचं विचारतो. कलमं किती जास्तीची मागवू? नांग्या भराव्या लागतीलच ना.

कोरडवाहू_गेवराई
शंभराला दहा. ती चरात ठेवू नका, मोठ्या पिशव्यांत लावून बांधावर सावलीत सांभाळा आणि श्रावणाच्या शेवटापर्यंत मेलेल्यांच्या जागी त्याच वयाची भरा. पुढच्या वर्षी भरलेलं झाड मोठ्यांच्या सावलीत खुरटतं. योजनेत असाल तर दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत दाखवावी लागतात. मेलेलं दिसलं की आधी उपटून मुळं बघा. मुळं कोरडी, ठिसूळ असतील तर वाटेत सुकलं होतं. साल निघत असेल आणि वास येत असेल तर पाणी साचलंय, तिथं निचरा केल्याशिवाय दुसरं लावू नका.

शिवार_परतूर
बरं. पिशव्या सांगून ठेवतो, आणि काठ्या पश्चिमेला.